फर्मा कोणी कापला? संकेतस्थळांच्या साच्यांबद्दल

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? आजचा विषय ऐकण्याचाच आहे, म्हणून आधी विचारून घेतलं.

आपण सगळे लोकलवाले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठल्याही स्टेशनात प्लॅटफॉर्मवर चालत जा. एका ठरावीक जागी सतत बीप-बीप असा आवाज येत असतो. बहुतेकांनी तो ऐकलाय, पण तो कशाचा असं विचारलं तर थोडा वेळ लागेल. दिव्यांगांचा डबा तिथे थांबतो. डोळस माणसाला डबा दिसतो, पाटी दिसते. ज्याला दिसत नाही त्याला ती जागा कळावी म्हणून तो आवाज. छोटंसं यंत्र आहे, कोणाच्या वाटेत येत नाही आणि ज्याला हवं त्याला बरोबर जागेवर उभं करतं. आज आम्ही ज्या गोष्टींबद्दल तक्रार करणार आहोत, त्या सगळ्या थोड्याफार फरकाने याच आवाजाच्या गोष्टी आहेत. फरक इतकाच की आमच्या धंद्यात तो आवाज कुणी बसवलेलाच नाही.

बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. अंबरनाथ तालुक्यातलंच गाव. तिथे दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे, हे इथल्या लोकांना सांगायला नको. त्यातले बरेच जण लोकलमध्ये फिरून किरकोळ वस्तू विकतात. बाकी देशाला वांगणी कळली ती १७ एप्रिल २०२१ च्या घटनेमुळे. एका दृष्टिबाधित आईचं मूल प्लॅटफॉर्मवरून रुळावर पडलं, समोरून गाडी येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वर ढकललं. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर वांगणीबद्दल बरंच लिहून आलं, आणि मग थांबलं. आम्हाला त्या व्हिडिओबद्दल बोलायचं नाही. त्याच वस्तीतल्या माणसाच्या हातात आज अँड्रॉइड फोन आहे, त्यात टॉकबॅक नावाचा वाचून दाखवणारा आवाज आहे, आणि तो माणूस आपल्या तीन शहरांतल्या दवाखान्याचं, क्लासचं, नगरपालिकेचं पान उघडतो. तेव्हा काय होतं, त्याबद्दल बोलायचं आहे.

पान ऐकणं म्हणजे काय, ते आधी बघू. एक गैरसमज असा आहे, की दृष्टिहीन माणूस पान वरपासून खालपर्यंत कीर्तनासारखं ऐकत बसतो. तसं कोणी करत नाही. डोळस माणूस जशी नजर फिरवतो, तसा तो पानावर उड्या मारतो. संगणकावर एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी ते सुरू केलं; ते स्वतः अंध आहेत. त्यात 'एच' ही कळ दाबली की पुढचा मथळा, 'डी' दाबली की पानाचा पुढचा मोठा विभाग, 'बी' दाबली की पुढचं बटन. काही सेकंदांत पानाचा नकाशा डोक्यात तयार होतो. पण अट एक आहे. मथळा हा मथळा आहे, बटन हे बटन आहे, असं पान बनवणाऱ्याने आत लिहिलेलं हवं. नुसतं अक्षर मोठं आणि ठळक केलं, तर डोळ्याला तो मथळा दिसतो, कानाला मात्र साधी ओळख नसलेली ओळ. चौकोनाला निळा रंग दिला म्हणून ते बटन होत नाही. एचटीएमएलमध्ये बटनासाठी वेगळी खूण आहे, मथळ्यासाठी सहा पातळ्यांच्या खुणा आहेत, मुख्य मजकुरासाठी आहे, वाटाड्या दुव्यांसाठी आहे. वेब मानकं म्हणतात ती बहुतांशी एवढीच: ज्या वस्तूला जे नाव आहे, त्या नावाने तिला हाक मारा.

आता कबुली. टीका करायला उभं राहायचं तर सुरुवात घरापासून करावी.

आम्ही साचे बनवतो. टेम्प्लेट. एकदा बनवायचा, मग रंग बदलून, फोटो बदलून, नाव बदलून विकायचा. या भागात शेकडो छोटे धंदे आहेत, प्रत्येकाला चार-पाच हजारात 'वेबसाइट पाहिजे', आणि एवढ्या पैशात प्रत्येकासाठी नव्याने कोणी लिहीत नाही. तर असा एक साचा आम्ही एका दवाखान्यासाठी केला होता. पानाच्या तळाशी 'निर्मिती' म्हणून आमचा फोन नंबर. एक दिवस फोन आला. वांगणीहून एक गृहस्थ बोलत होते. त्यांना बायकोसाठी नंबर लावायचा होता. म्हणाले, "साहेब, तुमच्या पानावर मला नुसतं बटन, बटन, बटन ऐकू येतंय. यातलं कुठलं दाबू?" आमच्यातल्या एकाने ताबडतोब सांगितलं, "उजवीकडे वरती बघा, निळं आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं."

त्या दिवशी आम्ही आमचंच पान डोळे मिटून उघडलं. नंबर लावायच्या बटनावर कॅलेंडरचं चित्र होतं, शब्द नव्हता. फोनच्या बटनावर फोनचं चित्र. व्हॉट्सॲपचं तसंच. चित्राला पर्यायी मजकूर दिलेला नव्हता, कारण ज्या साच्यावरून आम्ही आमचा साचा घेतला होता, त्यातही तो नव्हता. टॉकबॅकला सांगण्यासारखं काही सापडलंच नाही, म्हणून तो बिचारा 'बटन' म्हणत राहिला. फॉर्मात रकान्यांना लेबलं नव्हती. 'आपले नाव' हे शब्द रकान्याच्या आत फिकट अक्षरांत होते, एक अक्षर टाइप केलं की गायब. दिसायला फार छान. आणि तोवर हाच साचा आम्ही आणखी वीस-पंचवीस ठिकाणी दिलेला होता.

उल्हासनगरात जीन्स शिवतात, त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कटिंग मास्टर आधी कागदाचा फर्मा कापतो. कापडाचे थर एकावर एक अंथरतात, वर फर्मा ठेवतात, आणि एका कापात सगळे थर कापले जातात. शिवणारा कारागीर कितीही हुशार असू दे, फर्म्यात एक इंच कमी पडला तर सगळा लॉट एक इंचाने कमी. मग कोणी शिवणाऱ्याला बोलत नाही. फर्मा कोणी कापला, असं विचारतात. आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारायची पद्धत नाही. दवाखान्याचं पान बिघडलं की दवाखान्याला बोलतात, क्लासचं बिघडलं की क्लासला. डॉक्टरला काय ठाऊक बटनाला नाव नाही ते? त्याने साचा उघडून पाहिलेला नसतो, पाहणारही नाही. साच्यात जे नाही ते पुढे कोणीही घालत नाही. हा आमचा आजचा मुद्दा आहे आणि तो मान्य झाला तर बाकीचं सगळं तपशील आहे. पण तपशीलच मजेदार आहेत.

नक्कल करणं वाईट, असं आम्ही म्हणत नाही. उल्हासनगरच्या मालावरून होणारे विनोद आम्हीही ऐकलेत, 'यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' वगैरे. १९४९ साली छावणीच्या बराकींत वसवलेल्या निर्वासितांनी हातात जे आलं ते बनवलं, त्यावर हसायचं काही कारण नाही. वेब तर वाढलंच नक्कलेवर. दुसऱ्याच्या पानाचा सोर्स उघडायचा आणि बघून शिकायचं, आमची सगळी पिढी अशीच शिकली. प्रश्न नक्कल करताना काय गळतं याचा आहे.

याचं एक नमुनेदार उदाहरण. एरिक मेयर हे सीएसएसमधलं मोठं नाव. २००७-०८ च्या सुमारास त्यांनी 'रिसेट' नावाचा एक छोटा तुकडा सगळ्यांसाठी खुला केला. प्रत्येक ब्राउझर आपापल्या मर्जीने पानाला सजवतो, ते सगळं पुसून पाटी कोरी करायची, असा त्याचा हेतू. त्यात एक ओळ होती. कीबोर्डने पानावर फिरताना आपण कुठे आहोत ते दाखवणारी जी चौकट दिसते, ती काढून टाकणारी. आणि मेयर यांनी ओळीच्या वरच टीप लिहिली होती, की इथे स्वतःची खूण द्यायला विसरू नका. जगाने ओळ उचलली, टीप वाचली नाही. लाखो पानांवरून ती चौकट गेली. ज्याचा हात माउसवर ठरत नाही, जो टॅब दाबत दाबत पानावर फिरतो, त्याला आपण कुठे आहोत हेच कळेना. २०११ मध्ये मेयर यांनी नव्या आवृत्तीतून ती ओळच काढून टाकली. पण जुन्या नकला कोण परत बोलावणार? आमच्या साच्यातसुद्धा ती ओळ होती. टीपसुद्धा होती, जशीच्या तशी, इंग्रजीत. म्हणजे आम्ही टीपही नक्कल केली होती. (हशा)

हे झालं साऱ्या जगाचं. वेबएम नावाची अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे फिकट अक्षरं. मानक सांगतं, की साध्या आकाराच्या अक्षराचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५ ला १ हवा. साचेवाल्यांचा आवडता राखाडी पांढऱ्यावर २.८ च्या आसपास भरतो. हे अंधांसाठी आहे असंही समजू नका. दुपारी दोन वाजता विठ्ठलवाडीच्या प्लॅटफॉर्मवर उन्हात फोन धरून ते पान वाचून बघा.

आता जिथे आम्हाला थोडं जास्त रेंगाळायचंय ती जागा: मराठी. कारण जागतिक मानकं पाळून केलेला उत्तम साचासुद्धा मराठी ओतल्यावर बिघडतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

पहिली गोष्ट, पान कोणत्या भाषेत आहे हे पानाच्या सुरुवातीलाच सांगायचं असतं. मराठीसाठी 'एम आर' अशी दोन अक्षरं. परदेशी साच्यात तिथे इंग्रजीची खूण असते आणि आपल्याकडे ती कोणी बदलत नाही. मग वाचणारं यंत्र इंग्रजी आवाज लावतं. तो आवाज देवनागरी गाळून टाकतो, नाहीतर एकेक अक्षर फोडून वाचत बसतो. आणखी गमतीदार प्रकार म्हणजे साचा हिंदी पट्ट्यातून आलेला असतो आणि खूण हिंदीची राहिलेली असते. तेव्हा अख्खं मराठी पान हिंदी उच्चारात ऐकू येतं. 'चमचा' आणि 'चहा' यांतला 'च' एकच होतो, शब्दांच्या शेवटचे अकार कुठेही लोपतात. कळतं सगळं, पण दहा मिनिटांत डोकं दुखतं. दोन अक्षरांचा प्रश्न आहे. तेवढी बदलायला काही खर्च येत नाही.

दुसरी गोष्ट, रोमन लिपीला वर-खाली जेवढी जागा लागते त्यापेक्षा आपल्या लिपीला जास्त लागते. वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. साच्यात ओळींची उंची रोमनच्या बेताने आवळलेली असते आणि मथळ्याच्या चौकटीबाहेर गेलेलं कापून टाका, अशी आज्ञा असते. मग कुळगावचा उकार खालून कापला जातो आणि 'कळगाव' होतं. वांगणीचा अनुस्वार वरून जातो आणि 'वागणी' होते. कमी दिसणारा माणूस अक्षर मोठं करून वाचतो तेव्हा हे जास्तच होतं. तसंच अक्षरांमध्ये अंतर सोडायची फॅशन आहे. इंग्रजी मथळ्यात ते ऐटबाज दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची हौस तर विचारू नका. 'प्रवेश सुरू' असं लिहिलं तर काही ब्राउझरांत मोठा 'प्' एकीकडे आणि 'रवेश सुरू' दुसरीकडे.

तिसरी गोष्ट जरा आतली आहे. बातम्यांच्या यादीत प्रत्येक बातमीची पहिली ओळ तोडून दाखवतात. साचा लिहिणाऱ्याने 'शंभर बाइटनंतर तोड' असं लिहिलेलं असतं. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून त्याचं भागतं. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं. म्हणजे शंभराव्या बाइटला कात्री लागते ती अक्षराच्या पोटात. पडद्यावर प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे आणि 'फॉन्टचा काहीतरी प्रॉब्लेम' म्हणून सोडून दिलेला आहे. फॉन्टचा दोष नाही तो. फर्म्याचा आहे.

फॉन्टचाही प्रॉब्लेम असतोच. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती अशा पद्धती होत्या, प्रत्येकीचं अक्षरांचं कोष्टक वेगळं. डोळ्यांना 'सूचना' दिसायचं, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी साठवलेली असायची. छापायला त्याने काही बिघडत नव्हतं. पण वाचणारं यंत्र आत बघतं, आणि आत जे आहे तेच म्हणतं. कार्यालयांत आजही जुनी पत्रं त्याच फॉन्टात आहेत. ती संकेतस्थळावर चढवताना मग सोपा मार्ग निघतो: छापा, शिक्का मारा, स्कॅन करा, पीडीएफ चढवा.

यावरून सरकारी साच्याकडे येऊ. इथे आम्हाला आधी शाबासकी द्यायची आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, सरकारी कार्यालयांसाठी 'एस-थ्री-वास' नावाची साच्यांची व्यवस्था केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावात 'सुगम्य' हा आपला शब्द आहे, हे आम्हाला आवडतं. जिल्ह्यांची संकेतस्थळं तिच्यावर उभी आहेत, आपल्या ठाणे जिल्ह्याचंही. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. साच्यात मथळे मथळ्यासारखे आहेत, वरच थेट मुख्य मजकुराकडे नेणारा दुवा आहे. आमचा मुद्दा इथे सरकारनेच सिद्ध करून दाखवला: एका जागी फर्मा नीट कापला की शेकडो जिल्ह्यांची पानं एकदम सुधारतात. प्रत्येक जिल्ह्यात तज्ज्ञ नेमावा लागला नाही.

आणि तरीही. सुंदर साच्याच्या मधोमध निविदा, सोडतीचा निकाल, पाणी बंदची सूचना येते ती स्कॅन केलेली. म्हणजे फोटो. त्यात वाचायला अक्षर नाही. दिव्यांगांच्या योजनेचा अर्जसुद्धा असा वाकडा स्कॅन केलेला आम्ही पाहिला आहे. कुठल्या शहराचा ते सांगत नाही, कारण तो कुठल्याही शहराचा असू शकतो. कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची तीन बटनं मात्र असतातच. खरं सांगायचं तर त्या बटनांचा फार उपयोग नाही, ब्राउझर ते काम स्वतः करतो. पण ती दिसतात. तपासायला आलेल्या साहेबांना दाखवता येतात. पानाची भाषा नीट लिहिली आहे की नाही हे दाखवता येत नाही, म्हणून ते राहून जातं. साच्याने घर नीट बांधलं, पण आत ठेवायचं सामान तपासायची सोय त्याच्यात नाही. फोटो असलेली पीडीएफ चढवताच साचा अडवून विचारेल, 'यात अक्षरं नाहीत, मजकूर कुठे आहे?', असं करता येणं अवघड नाही. ते झालेलं नाही, ही आमची सरकारी साच्यावरची मुख्य टीका.

याची किंमत काय असते ते २०२१ मध्ये दिसलं. लशीची नोंदणी कोविनवरून होती. वांगणीकरांचा धंदा लोकल बंद झाल्यापासून बुडालेला, आणि लस घ्यायला पोर्टल. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने कोविनच्या अडचणी एकेक करून लिहिल्या. कॅप्चाला ऐकायचा पर्याय नाही. वयोगट, लशीचं नाव वगैरे गाळण्या सुगम्य नाहीत. कीबोर्डने फिरता येत नाही. वेळ ठरवता ठरवता आपोआप बाहेर फेकलं जातं. आणि एक मुद्दा असा, की दृष्टिहीन माणसाला किती जागा शिल्लक आहेत ते ऐकू येतं, पण त्या कुठल्या केंद्राच्या, ते कळत नाही. तक्त्याच्या मथळ्यांची रकान्यांशी जोड घातली तर हे सुटेल. थोडं थांबून विचार करा. तक्त्याच्या मथळ्याला मथळ्याची खूण द्या, हे एचटीएमएलच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. साथीच्या ऐन भरात ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहावं लागलं. आम्हाला हसावं की काय करावं कळलं नाही.

असं म्हणतात, की आपल्याकडे कायदाच नाही. आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या ४६ व्या कलमात सेवा देणारा सरकारी असो की खासगी, दोघांनाही नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. आमचा दवाखान्याचा साचा त्यानंतरचा आहे. घोटाळा असा होता, की नियमांनी पुढे बोट दाखवलं ते मार्गदर्शक तत्त्वांकडे, आणि मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे पाळली तर चांगलं. राजीव रतुरी हे स्वतः दृष्टिबाधित. त्यांनी २००५ मध्ये लावलेल्या खटल्याचा निकाल ८ नोव्हेंबर २०२४ ला लागला. न्यायालयाने १५ व्या नियमातला हा ढिलेपणा कायद्याशी विसंगत ठरवला आणि सांगितलं, की ज्यावर तडजोड नाही अशी किमान मानकं वेगळी काढा आणि ती सक्तीची करा. त्या खटल्यासाठी नालसार विद्यापीठाच्या केंद्राने जो अहवाल दिला त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'सर्वांसाठी माप शोधताना' असं होईल. शिवणकामाची उपमा त्यांनाही सुचली, याचं आम्हाला बरं वाटलं. पुढे ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. निमित्त होतं मोबाइलवर ओळख पटवताना डोळ्यांची उघडझाप मागणाऱ्या पद्धतीचं. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या बाईला ती जमणार कशी?

निकाल आला की बाजार जागा होतो. हल्ली काही पानांच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं गोल चिन्ह दिसतं. दाबलं की पट्टी उघडते: अक्षर मोठं, रंग उलटे, कर्सर जाड. एक ओळ चिकटवा, पान सुगम्य, असा दावा. आमच्याकडे गिऱ्हाईक आता हे नाव घेऊन मागतात. अमेरिकेत अशीच पट्टी विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीने कोणतंही पान मानकांना उतरवून देतो असा दावा केला होता. तिथल्या व्यापार आयोगाने दावा दिशाभूल करणारा ठरवून २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. ज्या बटनाला नावच नाही, त्याचं नाव पट्टी कुठून आणणार? अंदाज करेल. कॅलेंडरच्या चित्राला 'प्रतिमा' म्हणेल. बीप द्यायच्या ऐवजी प्लॅटफॉर्मवर 'इथे बीप आहे' अशी पाटी लावण्यातला प्रकार. आणि वांगणीतल्या माणसाकडे त्याचा स्वतःचा, सवयीचा वाचक असतोच. त्याला तुमची पट्टी नकोच आहे.

खर्चाचं विचारतात. अंबरनाथचं शिवमंदिर इथून जवळ आहे, शिलालेखात शक ९८२, म्हणजे १०६० सालचं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तिथे कसं न्यायचं, हा खरोखर अवघड प्रश्न आहे. हजार वर्षांचा दगड आहे, त्याला हात लावणं सोपं नाही. संकेतस्थळाच्या पायऱ्या मात्र आम्हीच गेल्या वर्षी बांधलेल्या असतात आणि एका दुपारी काढता येतात. आमचा साचा दुरुस्त करायला आम्हाला तीन दिवस लागले. बटनांना नावं दिली, रकान्यांना लेबलं, पानाला मराठीची खूण, कीबोर्डची चौकट परत आणली, ओळींची उंची वाढवली, राखाडी गडद केला. त्यातला दीड दिवस मथळ्यांच्या पातळ्या लावण्यात गेला, कारण त्या आम्ही अक्षराच्या आकारावरून ठरवल्या होत्या. पहिल्यापासून केलं असतं तर वेगळा वेळच लागला नसता. मग त्या गृहस्थांना फोन करून पान ऐकायला सांगितलं. त्यांनी दोन चुका आणखी काढल्या. तारीख निवडायचं खोकं उघडल्यावर बंद होत नव्हतं. आणि नंबर लागल्यावर 'यशस्वी' ही हिरवी पट्टी पडद्यावर यायची आणि आवाज न करता निघून जायची. नंबर लागला की नाही त्यांना समजलंच नव्हतं, म्हणून त्यांनी तीनदा लावला होता. हे तपासायचं यंत्र आम्ही चालवलं होतं. त्याला दोन्ही चुका दिसल्या नव्हत्या.

नंतर आम्ही बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन केले. काहींनी करू दिलं. काही म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" एकाने विचारलं, यात गूगलमध्ये वर येईल का. दोघांचे डोमेन संपले होते. एका क्लासवाल्याने तोच साचा आम्हाला न विचारता भावाच्या दुकानाला, मेव्हण्याच्या ट्रॅव्हल कंपनीला आणि आणखी कोणाकोणाला दिला होता. त्या पानांवर आमचं नियंत्रण नाही, आतली चूक मात्र आमची. ती अजून तशीच आहे: नाव नसलेली बटनं, कापलेले उकार, मेयर यांची टीप. तळाला आमचा नंबरही आहे. अधूनमधून फोन येतात.

प्रश्न असतील तर घेऊ या. आधी मागच्या रांगेतून.